डोकेदुखीची पुडी आणि जुळी लुगडी

आपल्या मासिकात दर महिन्याला कुणाला ना कुणाला पांढऱ्या साडीतली बाई भेटते. मी ते सगळं नेमाने वाचतो आणि दर महिन्याला चिडतो. कारण मी विणकर माणूस. त्या साडीचा पोत कसा होता, काठ होता की नव्हता, सूत जाड की बारीक... एकही लेखक लिहीत नाही! का, तर म्हणे घाबरलो होतो. अहो, घाबरलो तर मीही होतो. चांगला आठवडाभर, रोज दुपारी, कचेरीत हजेरी लावल्यासारखा वेळेवर घाबरत होतो. पण माझं कापडाकडे लक्ष होतं. आणि ते होतं म्हणूनच आज हे लिहायची पाळी आली.

भूत, करणी, नजर, बाहेरचं — यातलं काही मी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. वाटेत उताऱ्याचं लिंबू दिसलं तर मला एवढंच वाटतं की चांगलं लिंबू वाया गेलं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे शेवटी मला कुणी भित्रा म्हटलं तरी अडाणी म्हणणार नाही.

गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. मी चाळिशीचा होतो. बेळगावजवळ शहापुरात देवळामागच्या बोळात आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग, मागच्या खोलीत चूल, आणि उरलेल्या जागेत मी, बायको गंगा, तीन पोरं आणि वर्षातले चार महिने माझ्या सासूबाई. थोरला भाऊ आण्णा आणि वहिनी वडगावात राहायचे, चालत अर्ध्या तासावर. तीन वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो होतो. भांडण असं नव्हतं, पण एका घरात दोन माग मावेनात, आणि वेगळं होताना भांड्याकुंड्यांवरून जे थोडं व्हायचं ते झालंच. तेव्हापासून येणं-जाणं सणापुरतं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि आई नुकतीच गेलेली. माझ्या डोक्यातल्या उवा वहिनीनं काढल्या, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला तिनं शिकवलं, शाळेत न्यायचं तर तिनं आणि शाळेतून पळून आलो तर बडवायचं तेही तिनंच. तिला मूल झालं नाही. हे वाक्य मी इथं सहज लिहिलं. आमच्या बोळात ते कुणी सहज म्हणत नसे. मूल नसलेल्या बाईकडे बोट दाखवायला लोकांना काहीतरी निमित्त हवं असतं, आणि त्या वर्षी ते निमित्त झालो मी. म्हणजे खरं तर माझं डोकं.

झालं असं. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी, जैन, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या दोन मुलांची लग्नं एकाच मांडवात ठरली. दोन सुना, दोन लुगडी, दोन्ही रुईफुली काठाची. आप्पा स्वतः शहापुरात आले आणि माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणाले, "हे बघा, दोन्ही लुगडी जुळी पायजेत. एक दुसऱ्यापरास सुताभर जरी उजवं निघालं, तर जल्मभर माझ्या घरात त्याच्यावरनं भांडण. म्हातारपणी मला ते सोसायचं न्हाय."

एका मागावर दोन्ही होईपर्यंत लग्न होऊन गेलं असतं. म्हणून एक माझ्याकडे, एक आण्णाकडे. दोघं एकाच बापाच्या हाताखाली, एकाच मागावर शिकलेले, हात एक. सूत एकाच रंगाऱ्याकडून रंगवून आलं, आणि एकाच दिवशी, एकाच मुहूर्तावर आम्ही दोघांनी विणायला घेतलं. तो तिथं, मी इथं.

रुईफुली काठ म्हणजे डोळ्यांची परीक्षा. दुसऱ्या दिवशीच माझं डोकं ठणकायला लागलं. कपाळ, मग डोळ्यांमागं, मग मानेपर्यंत. बोळाच्या तोंडाशी एका कंपाउंडरचं दुकान होतं. तो डोकेदुखीची पांढरी पुडी द्यायचा, जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली. जिभेवर टाकायची, वर कपभर चहा. अर्ध्या तासात डोकं असं मोकळं व्हायचं की मला वाटायचं, या माणसाचा पुतळा उभारावा. आधी दिवसाला एक. मग दोन. आठवड्याभरात तीन, आणि काठ फारच नडला तर चौथी.

आणि मग ते सुरू झालं.

दुपारचे दोन वाजले असतील. धोटा डावीकडून उजवीकडे गेला आणि माझ्या छातीत काहीतरी त्याच्या मागोमाग धावलं. तळहाताला घाम. तोंड कोरडं. काहीतरी होणार! काय, ते नाही. कुणाला, ते नाही. पण होणार, आत्ता होणार, आणि मी इथं खड्ड्यात पाय सोडून बसलोय! मी उठलो, स्वयंपाकघरात डोकावलो. गंगा भाकरी थापत होती.

"काय वो?"

"काय न्हाय. तू बरी हैस न्हवं?"

"मला काय हुतंय?"

परत येऊन बसलो. दहा ठोके मारले, परत उठलो. विहिरीत वाकून बघितलं, कुणी पडलं नव्हतं. शाळेत गेलो, पोरं वर्गात आहेत का बघायला. मास्तर म्हणाले, "आहेत हो, सकाळपासून आहेत, काढून नेता का?" चारच्या सुमाराला ते जसं आलं तसं उतरलं, आणि मी मागावर ओल्या फडक्यासारखा बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शाळेच्या मास्तरांनी मला लांबून बघूनच "तिघंही हायत!" असं ओरडून सांगायला सुरुवात केली. गंगा वैतागली.

"अवो, दिवसातनं सात वेळा येऊन मी जित्ती हाय का बघालासा! एकदा मेले तर सांगीन की मीच!"

मी म्हटलं, "चेष्टा नको. मला लई भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"त्येच तर कळंना."

हे सासूबाईंनी ऐकलं. इतका वेळ त्या कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "जावईबापू, ह्ये सुरू व्हायच्या आदी कुणाच्या हातचं खाल्लासा?"

मी म्हटलं तुमच्याच लेकीच्या. पण गंगाच्या तोंडून निघून गेलं, "वडगावच्या वैनींनी पुरणाचे कडबू धाडलेते."

झालं. सासूबाईंनी सूप परत हातात घेतलंच नाही. पोट पिकलं नाही त्या बाईचं, दुसऱ्याची तीन पोरं डोळ्यांत खुपतात, धाकट्याचा हात थोरल्यापेक्षा चांगला — एकेक कारण त्या तांदळातल्या खड्यासारखं वेचून काढायला लागल्या. मी ओरडलो. त्या म्हणाल्या, "बघ, बघ, तिचं नाव काढलं की कसं अंगात येतंय!"

आता याला काय उत्तर द्यायचं? गप्प बसलो तर 'बघ, तोंड बांधलंय'. ओरडलो तर 'बघ, अंगात आलंय'. मी जेवलो तर भूत जेवतंय, नाही जेवलो तर भूत जेवू देत नाही.

खानापूरकडे त्यांच्या माहेरी एक देवर्षी होता. त्याला निरोप गेला. तो यायचा, अंगारा फुंकायचा आणि करणी करणाऱ्या बाईचं नाव चारचौघांत मोठ्यांदा घ्यायचा. एकदा का त्यानं नाव घेतलं की संपलं. आमच्या समाजात त्या बाईला पुन्हा कुणी हळदीकुंकवाला बोलवत नाही, बाळंतिणीच्या खोलीत घेत नाही, तिच्या हातच्या कांड्या कुणी मागाला लावत नाही. विणकराच्या बायकोच्या कांड्या नकोत, म्हणजे तिच्या नवऱ्याचा मागही बंद. मी गंगाला म्हटलं, "अगं, तिनं मला वाढवलंय." गंगा चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मला ठावं न्हाय व्हय? पर तुमी दिवसेंदिवस वाळालासा, मी काय करू?" तिचंही काही चुकत नव्हतं. रोज दुपारी नवऱ्याला घामानं निथळताना बघणारी बाई कुठलं तरी दार ठोठावणारच.

देवर्षी आला तो अमावास्येला. सकाळीच, हळद, अंगारा, लिंबं, घुंगरू सगळं घेऊन. शेजारपाजार जमला. मला पाटावर बसवलं. त्यानं घुंगरू वाजवलं, अंगारा फुंकला, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, "कोन हैस तू?"

मी म्हटलं, "दत्तोबा."

"खरं नाव सांग!"

"दत्तोबाच. शाळेच्या दाखल्यावर पण त्येच हाय."

लोक हसले. दुपार झाली, दोन वाजले, तीन वाजले. मला काही म्हणजे काही होईना! छाती शांत, हात कोरडे, वर भूक लागलेली. सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जसा काही मी मुद्दाम त्यांची अब्रू घालवतोय. शेवटी देवर्षीनं सामान गुंडाळलं. "आज त्ये लपलंय," म्हणाला. "मला भ्यालंय. येत्या गुरवारी परत येतो, नाव घेतल्याबिगर जात न्हाय."

त्या संध्याकाळी उंबऱ्यावर बसून मी विचार केला. आयुष्यात पहिल्यांदा केला असं गंगाचं म्हणणं आहे. जगातली सगळी भुतं अमावास्येला कामाला लागतात आणि माझंच तेवढं रजेवर? अमावास्येला रजेवर कोण असतं? तर विणकर! आमच्यात अमावास्येला माग बंद, धोट्याला हात लावायचा नाही. माग बंद म्हणून काठ नाही. काठ नाही म्हणून डोकं दुखलं नाही. डोकं दुखलं नाही म्हणून...

मी कनवटीला हात लावला. सकाळी आणलेल्या तिन्ही पुड्या तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी एक पुडी घेऊन लष्कराच्या कॅम्पात गेलो. तिथं चर्चजवळ एक म्हातारे गोव्याकडचे डॉक्टर बसायचे, पलटणीतून रिटायर झालेले. त्यांनी पुडी उघडली, बोटाला लावून जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"दिवसाला किती?"

"तीन. कधी चार."

"वर चहा?"

"चहा तर पायजेच की."

"मिस्त्री, ह्यात दुखणं मारायचं औषध आहे, आणि कॉफीत असतं ना, ते पण आहे. वर तुम्ही चहा ओतता. काळीज धावणारच! आणि नुसत्या दुखण्याच्या औषधानं पण काही माणसांना असं होतं. मी पलटणीत बघितलंय. चांगला सहा फुटी शिपाई डोकेदुखीची गोळी घेऊन खाटेखाली लपलेला. कुणाला होतं, कुणाला नाही. का ते मला विचारू नका."

"मग नक्की पुडीनंच?"

"नक्की कोण सांगणार? असू शकतं. बंद करून बघा. आणि पयलं त्या डोक्याला चष्मा लावा. चाळिशी आली, मिस्त्री. भूत नाय, चाळिशी!"

येताना मी कंपाउंडरच्या दुकानात शिरलो. तो म्हणाला, "अख्खं शहापूर घेतंय पुडी. तुम्हालाच कसं काय होतं? मन घट्ट करा जरा." ज्याचा मी पुतळा उभारणार होतो, तो हा.

पुडी बंद केली. दोन दिवस डोकं असं दुखलं की देवर्षी परवडला. पण दुपार आली आणि गेली, आणि भीती आलीच नाही! मी आनंदानं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मागाच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. खड्ड्यात, माझ्या पायाखाली, अंगाऱ्याची पुरचुंडी पुरलेली. "तेनं उतार पडलाय," म्हणाल्या. "आता गुरवारी नाव घेतलं की मुळासकट जाईल."

मी कपाळावर हात मारला. मारायला नको होता, तिथंच दुखत होतं.

आता एकच वाट उरली. बुधवारी भर दुपारी मी गंगाला, सासूबाईंना आणि शाळेला दांडी मारायला लावून तिन्ही पोरांना समोर बसवलं. सगळ्यांच्या देखत तीन पुड्या तोंडात टाकल्या, वर दोन कप चहा प्यालो आणि मागावर बसलो. अंगारा पायाखाली तसाच. "तुमचा अंगारा खरा असंल तर मला काय व्हायचं न्हाय," मी म्हटलं. "आणि झालं तर ते पुडीचं. कबूल?"

सासूबाईंनी तोंड फिरवलं. गंगा म्हणाली, "कबूल."

मी विणत राहिलो. मला सगळं ठाऊक होतं — काय येणार, कशानं येणार, कधी जाणार. डॉक्टरांनी समजावलेलं, मी स्वतः मांडलेला प्रयोग. आणि तरीही दीडच्या सुमाराला ते आलं तेव्हा त्या ठाऊक असण्याचा कवडीचा उपयोग झाला नाही. उलट पहिल्यापेक्षा जास्त आलं.

"गंगे, पोरं कुठं हैत?"

"ही काय तुमच्या म्होरं बसल्यात!"

"मोज."

"तीन हैत की वो."

"परत मोज! नीट मोज!"

गंगानं मोजली. बोट लावून, मोठ्यांदा, दोन वेळा. धाकटी रडायला लागली. मी ठोके मारत होतो, थांबलो तर काहीतरी होईल म्हणून नुसता मारत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि गंगा माझ्याकडे नाही, आईकडे बघत होती.

चारला उतरलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजे पुडीवरच करणी केलीया."

"आये," गंगा म्हणाली, "पुडी त्या कंपाउंडरनं बांधलीया, माझ्या जावंनं न्हवं. आता ह्या घरात परत त्या माउलीचं नाव काढायचं न्हाय."

गुरुवारी देवर्षी आला तेव्हा तिनं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "आमच्याकडं पुडीचं भूत आलतं, गेलं. तुमी पण जावा." त्याच मोटारीनं सासूबाईही खानापूरला गेल्या. मी चष्मा घेतला. वहिनी वाचली. गोष्ट इथं संपली असती तर मी ती मासिकाला कशाला धाडली असती? एखाद्या वैद्यकीच्या पुस्तकाला धाडली असती.

लुगडं पुरं झालं आणि मागावरून उतरवून मी त्याच्यावर हात फिरवला. जागोजागी दाट पट्टे! बाण्याचा, म्हणजे आडवा धागा टाकून फणीचा ठोका द्यायचा, तो हात सारखा पडला तर पोत सारखा. भीतीच्या वेळी माझा हात जड पडला होता. डोळ्यांना चटकन दिसत नव्हतं, पण जाणत्याच्या तळव्याला लपणार नव्हतं. सात पट्टे बोटबोटभर, आणि शेवटी, त्या बुधवारचा, चांगला वीतभर रुंद. बाकी पोत लोण्यासारखा. आप्पांनी बजावलं होतं, सुताभर फरक नको!

आण्णा आणि मी सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेलो. त्याचं गाठोडं त्याच्या मांडीवर, माझं माझ्या. तीन वर्षांत इतका वेळ शेजारी बसलो नव्हतो. संकेश्वर आलं. मग मी म्हटलं, "आण्णा, माझं लुगडं बिघडलंय." बाहेर बघतच तो म्हणाला, "माझं पण बरं न्हाय झालं."

मला वाटलं, मनाचा मोठेपणा.

आप्पांच्या सोप्यात तंबाखूच्या वासानं मी आधी चार शिंका दिल्या. मग दोन्ही लुगडी गादीवर शेजारी शेजारी पसरली. आप्पांनी डोळे मिटले, डावा तळवा एकावर, उजवा दुसऱ्यावर, आणि पदरापासून हळूहळू मागं सरकायला लागले. थांबले. सरकले. परत थांबले. दोन्ही हात एकदमच थांबत होते. शेवटाला आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि खुशीत मांडीवर थाप मारली.

"ह्याला म्हणायचं जुळी! पट्टेसुद्धा एकाच जागी घातल्यासा की! मुद्दाम घातलासा?"

मी आण्णाकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

मी वितीनं मोजलं. पदरापासून पहिला पट्टा, मग दुसरा. माझ्या लुगड्यात जिथं, तिथंच त्याच्या. सात बारके. आणि शेवटी, त्या बुधवारच्या जागी, वीतभर रुंदीचा आठवा. काठाची रुईफुलं मोजून बघितली. पट्टा जिथं सुरू होतो ते फूलसुद्धा तेच.

मी भीतीपायी दिवसाचे दोन-दोन तास पळण्यात घालवले होते. तो माझ्यापेक्षा चपळ हाताचा. त्याचं काम पुढं जायला हवं होतं, पट्टे पुढंमागं पडायला हवे होते. आणि मुळात त्याला पट्टे पडायलाच नको होते!

बाहेर रस्त्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"तू पुडी खात हुतास?"

"कसली पुडी?"

"डोकेदुखीची."

"माझं डोकं कवा दुखतंय?" आण्णा म्हणाला. खरं होतं. आयुष्यात त्यानं औषध घेतलं नव्हतं. चहासुद्धा नाही; चहा हा शहरातल्या लोकांचा चाळा असं त्याचं मत. मी मग त्याला सगळं सांगितलं. पुड्या, देवर्षी, बुधवार... फक्त देवर्षी कुणाचं नाव घेणार होता ते गिळलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "दुपारी हात जड पडत हुता. का, ते मला ठावं न्हाय."

"घरी सांगायचं?"

"तू सांगणार हैस?"

मी विचार केला. सांगितलं तर काय होईल? एकावर नव्हे, दोघा भावांवर करणी! दोघांच्या घरात जाणारी बाई कोण? सासूबाई पुढच्या मोटारीनं देवर्षीला घेऊन हजर. ज्या पट्ट्यांचा कुणालाच उलगडा होणार नव्हता, त्यांचा उलगडा आमच्या बोळात आधीच तयार होता.

"न्हाय," मी म्हटलं.

"मग न्हाय."

त्यानंतर बरीच वर्षं मी नावं न घेता हे दोघातिघांना विचारून बघितलं. एक मास्तर म्हणाले, योगायोग. मी म्हटलं, एक पट्टा योगायोग, आठ? डॉक्टर म्हणाले, भाऊ-भाऊ, एकाच हातचं शिक्षण, एकच सूत, एकाच जागी थकत असतील. मी म्हटलं, मग जन्मात पुन्हा का नाही थकलो? त्यानंतर आम्ही दोघांनी कितीतरी लुगडी विणली. मी प्रत्येक वेळी वडगावला जाऊन त्याच्या कापडावर हात फिरवायचो. काही नाही. त्या निमित्तानं आमचं येणं-जाणं मात्र पुन्हा रोजचं झालं.

सासूबाई वारल्यावर एकदा मी वडगावात बसलो होतो. वहिनी शेंगा सोलत होती. आण्णा देवळात गेलेला. न राहवून मी तिला त्या लग्नाच्या लुगड्यांविषयी विचारलं, की तेव्हा आण्णाला दुपारचं काही व्हायचं का?

"व्हय की," ती म्हणाली. "धोटा टाकून उटून उभं ऱ्हायचं. म्हणायचं, दत्तू आलाय का बघ गं दारात. मी जाऊन बघायचे. रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. मग बसायचं आणि ठोका असा मारायचं, असा मारायचं... मी म्हणायचे, मोडंल की वो फणी."

"रोज?"

"सात-आट दिस. मग मदी आमूशा झाली, मग थांबलं. आणि एकदा बुधवारी परत. त्या दिवशी तर चप्पल घालून निघालंते तुझ्याकडं. वेशीपातूर जाऊन माघारी आलं."

मी विचारलं, "वैनी, मग ह्ये तवाच का सांगितलं न्हाईस?"

तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"कुणाला सांगू? तुझ्या सासूला?"

म्हणजे देवर्षी कुणाचं नाव घेणार होता, ते तिला ठाऊक होतं. कधीपासून, कुणाकडून, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

वहिनी मागच्या वर्षी गेली. आता तिच्या नावाला कुणी धक्का लावू शकत नाही, म्हणून लिहिलं. पुडीनं भीती येते, एवढं मला कळलं. पण पुडी मी खायची आणि वडगावात आण्णाचा हात जड पडायचा, हे कसं, ते मला आजही कळलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला याचं कारण ठाऊक असेल तर त्यांनी कृपा करून ते आपल्यापाशीच ठेवावं. मागच्या वेळी ज्यांना कारण ठाऊक होतं, ते घुंगरू घेऊन माझ्या दारात आले होते.